जिनचा भोंगा पुन्हा वाजवायचा असेल तर: कोरोनाच्या रॅपिड टेस्टचा हिशेब आणि पद्धत

कोरोनाच्या साथीत जिन, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना, बंद पडला की मालक आधी मजुरी वाचली म्हणतो. व्याज मात्र वाचत नाही. यार्डात २,००० क्विंटल कापूस पडून आहे असं धरा. २०२०-२१ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ५,८२५ रुपये होता. म्हणजे ढिगात १ कोटी १६ लाख रुपये अडकले. बँकेचा दर १२ टक्के धरला तर रोजचे साधारण ३,८०० रुपये आणि आठवड्याचे साडेसव्वीस हजारांच्या वर नुसतं व्याज. विजेचा स्थिर आकार वेगळा, कापसाची वजनातली घट वेगळी.

आता दुसरी बाजू. जिनवर दोन पाळ्या मिळून ६० माणसं, प्रत्येकाची आठवड्यातून दोनदा रॅपिड अँटिजेन टेस्ट, एका टेस्टला किट आणि तपासणारा माणूस धरून २५० रुपये. आठवड्याला ३०,००० रुपये. हे आकडे नमुन्याचे आहेत, आपले टाकून पाहा. पण टेस्टचा खर्च आणि पडून असलेल्या मालाचं व्याज एकाच मापाचं निघतं, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. 

पैसेवाल्यांच्या जगात हा विचार २०२० मध्येच मांडला गेला होता. २०१८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले पॉल रोमर तेव्हा सांगत होते, की टाळेबंदीत बुडणाऱ्या रकमेपुढे सगळ्यांची पुन्हापुन्हा तपासणी करण्याचा खर्च किरकोळ आहे. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत ॲबॉट कंपनीच्या ५ डॉलरच्या, पुठ्ठ्याच्या कार्डाएवढ्या टेस्टला मंजुरी मिळाली. तिथल्या सरकारने लगेच ७६ कोटी डॉलर देऊन तसल्या १५ कोटी टेस्ट घेतल्या. शेअर बाजाराला ते आवडलं, कारण उत्तर पंधरा मिनिटांत मिळत होतं. तीन दिवसांनी आलेला अचूक रिपोर्ट गेटवर काही कामाचा नसतो. तोवर तो गडी तीन दिवस प्रेसवर, म्हणजे गाठी बांधायच्या यंत्रावर, काम करून गेलेला असतो.

पण एकदाच टेस्ट घेऊन मोकळं होणाऱ्यांनी स्लोव्हाकियाचं उदाहरण पाहावं. ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर २०२० या दोन दिवसांत त्या देशाने ३६ लाख लोकांची रॅपिड टेस्ट केली, ३८ हजारांवर पॉझिटिव्ह सापडले. रुग्ण काही काळ कमी झाले, पण पुढच्या दोन-तीन महिन्यांत साथ उलटली आणि मृत्यूंचे आकडे भयंकर झाले. आज निगेटिव्ह आलेला माणूस परवा पॉझिटिव्ह असू शकतो. म्हणून आठवड्यातून दोनदा, सोमवार आणि गुरुवार, असा ठरलेला वार ठेवा. हंगामाच्या सुरुवातीला एक जंगी शिबिर आणि मग काहीच नाही, यापेक्षा न केलेलं बरं. त्याने खोटा धीर तेवढा येतो.

टेस्ट किती चुकते, हे पैसे लावण्याआधी समजून घ्या. १४ जून २०२० रोजी आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने) पहिल्या अँटिजेन किटला परवानगी दिली. तिच्या चाचणीत बाधित माणूस सापडण्याचं प्रमाण ५०.६ ते ८४ टक्के निघालं आणि निरोगी माणसाला निरोगी सांगण्याचं ९९.३ ते १०० टक्के. समजा परिसरातल्या १,००० माणसांत १० बाधित आहेत. ७० टक्क्यांच्या हिशेबाने ७ सापडतील, ३ सुटतील. उरलेल्या ९९० निरोगी माणसांत अर्धा टक्का चूक धरली तर पाचेक जण उगाच पॉझिटिव्ह ठरतील. म्हणजे १२ पॉझिटिव्हमध्ये ५ चुकीचे. साथ ओसरलेली असताना असंच होतं. जोरात असताना पॉझिटिव्ह बहुतेक खराच असतो. आयसीएमआरचा तेव्हाचा नियम सरळ होता: रॅपिड पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्हच, ताप-खोकला असून निगेटिव्ह आला तर आरटी-पीसीआर, म्हणजे लॅबमधली जास्त अचूक टेस्ट, करायचीच. दुसऱ्या नियमाकडे काणाडोळा होतो आणि नेमका तोच गडी सगळ्या पाळीला रोग देऊन जातो.

तपासणी कोणी करायची? मालकाने दुकानातून किट आणून मुनिमाच्या हाती दिले, असं करू नका. घरी करायच्या टेस्टबाबत आयसीएमआरने १९ मे २०२१ ला सल्ला काढला, त्यात ती लक्षणं असलेल्यांसाठी आणि बाधिताच्या संपर्कात आलेल्यांसाठीच आहे, सरसकट नको, असं स्पष्ट म्हटलं आहे. जिनवर सरसकट तपासणी हवी तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याला लेखी पत्र द्या, प्राथमिक आरोग्य केंद्राची किंवा मान्यताप्राप्त लॅबची टीम ठरलेल्या वारी बोलवा. नोंद त्यांच्याच पोर्टलवर जाते. पुढे कोणी विचारलं तर तीच कागदावर उभी राहते.

टीम आली तरी नजर आपलीच हवी, कारण विदर्भात किट बिघडण्याचं पहिलं कारण ऊन. बहुतेक किट २ ते ३० अंशांत ठेवायचे असतात. पत्र्याच्या शेडमध्ये फेब्रुवारीच्या दुपारीच पारा त्याच्या वर जातो. गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेला खोका तर गेलाच समजा. ऑफिसात कूलरपासून दूर, सावलीतल्या कपाटात ठेवा. कूलरची ओल पट्टीला चालत नाही. फ्रीजमध्ये ठेवला असेल तर पाऊच उघडण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. पाऊच टेस्ट करतानाच फोडायचा, दहा आधीच फोडून मांडून ठेवायचे नाहीत.

पद्धत किटप्रमाणे बदलते, खोक्यातला कागद वाचाच. पुण्याच्या मायलॅबच्या घरगुती टेस्टमध्ये स्वॅब नाकपुडीत २ ते ४ सेंटिमीटर आत घालून प्रत्येक बाजूला ५ वेळा फिरवतात. मग नळीतल्या द्रावात बुडवून, नळी बोटांनी दाबून १० वेळा घुसळतात. स्वॅबची काडी खाचेवर मोडून झाकण लावतात, पट्टीवरच्या थेंब टाकायच्या खळग्यात २ थेंब टाकतात आणि १५ मिनिटांनी वाचतात. २० मिनिटांनंतर वाचलेलं बाद. टीम वापरते त्या काही किटमध्ये स्वॅब नाकातून घशापर्यंत जातो, थेंब ३ असतात आणि ३० मिनिटांपर्यंत वाचता येतं. दोन्हींची सरमिसळ झाली की निकालाचा भरवसा संपला.

वाचताना चुका ठरलेल्या. सी (टेस्ट नीट चालली हे दाखवणारी) रेघ आलीच नाही तर टेस्ट बाद, नवी करायची. टी (बाधा दाखवणारी) रेघ पुसट आहे म्हणून निगेटिव्ह म्हणणं ही सर्वांत मोठी चूक: पुसट रेघही पॉझिटिव्हच. पट्टीवर बॉलपेनने नाव आणि थेंब टाकल्याची वेळ लिहा, नाहीतर दहा पट्ट्या एका टेबलावर आल्या की कोणाची कोणती ते कळत नाही. जिनवरच्या माणसाच्या नाकात रुईचे तंतू आणि धूळ असते. आधी नाक शिंकरायला लावा. नाकातून रक्त येत असेल तर त्या दिवशी त्याची टेस्ट टाळा.

वेळेचा अंदाज: एक तपासणारा, एक लिहिणारा, दहाची तुकडी, तुकडीला अर्धा तास. ६० माणसांना एका टेबलावर तीन तास, दोन टेबलांवर दीड. हा वेळ हजेरीत धरा. नाही धरला तर माणसं टेस्ट चुकवायला उशिरा येतात.

आता रोजीचा प्रश्न, आणि सगळी गुंतवणूक इथेच बुडते किंवा तरते. साथीत पॉझिटिव्ह म्हणजे आठ-दहा दिवस घरी. ४०० रुपये रोजीने ४,००० बुडणार असतील तर माणूस पॅरासिटामॉल खाऊन गेटवर येईल, आणि खोकला धुळीचा आहे म्हणेल. जिनवर तसं म्हणणं खरंही वाटतं. म्हणून घरी बसलेल्याची पूर्ण रोजी द्या, आणि ती खर्चाच्या हिशेबात आधीच धरा. निकाल गेटवर मोठ्याने सांगू नका; गावात एकदा नाव झालं की पुढच्या सोमवारी निम्म्या बाया कामावर येणार नाहीत.

खर्रा. पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा एक खर्रा चार जण वाटून खातात, तेही मास्क खाली करून, एकमेकांच्या तोंडापाशी. टेस्टवर ३०,००० घालवून खर्र्याच्या सुट्टीकडे दुर्लक्ष करणं म्हणजे बोअर करून टाकीला झाकण न लावणं. सुट्टी पाळीनिहाय वेगळी द्या, बसायची जागा वेगळी द्या.

कापूस घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याची टेस्ट करत बसू नका. काट्यावर तो उघड्यावर असतो आणि अर्ध्या तासात जातो. त्याला टोकन द्या, ग्रेडर (कापसाची प्रत ठरवणारा) आणि मापारी यांची मात्र टेस्ट सोडू नका. त्यांच्यापुढून दिवसभर सगळी गर्दी जाते.

माल किती घ्यायचा हे तेव्हा जिल्ह्याच्या आकड्यांवर ठरवावं लागे. ७ जून २०२१ पासून राज्याने निर्बंधांचे पाच स्तर केले: पॉझिटिव्हिटी (शंभर टेस्टमागे किती पॉझिटिव्ह) ५ टक्क्यांखाली आणि ऑक्सिजन बेड २५ टक्क्यांहून कमी भरलेले असतील तर पहिला, पॉझिटिव्हिटी २० टक्क्यांवर किंवा बेड ७५ टक्क्यांवर गेले तर पाचवा. आकडे गुरुवारी यायचे, अंमल सोमवारपासून व्हायचा. २५ जूनला नियम बदलला आणि स्तर ठरवताना फक्त आरटी-पीसीआर धरली जाऊ लागली. म्हणजे आपल्या जिनवरच्या शंभर निगेटिव्ह रॅपिडने जिल्ह्याचा स्तर खाली येत नव्हता. त्या फक्त आपली पाळी वाचवत. फेब्रुवारी २०२१ मध्ये ऐन हंगामात अमरावती आणि अचलपूर बंद झाले, ते किती पटकन झालं हे आठवून सौद्यात माल उचलायची मुदत सैल ठेवा.

किट तीन आठवड्यांहून जास्त भरू नका. अमेरिकेत २०२१ च्या उन्हाळ्यात मागणी आटली आणि डिसेंबरात ओमायक्रॉन आला तेव्हा किट मिळेनात. आपल्याकडे साठवायचा मोह होईल, पण मुदत संपलेला खोका आणि मे महिन्यात शिजलेला खोका, दोन्ही सारखेच.

टेबल गेटजवळ लावा, ढिगापासून लांब आणि वारा ढिगाकडून टेबलाकडे येईल अशा बाजूला. प्लास्टिकचा तुकडा गाठीत गेला तर सूतगिरणी भाव पाडते. ६० टेस्ट म्हणजे ६० पाऊच, ६० नळ्या, ६० मोडक्या काड्या. टीम निघण्याआधी मोजून पिवळ्या पिशवीत भरायच्या, आणि एक जरी कमी भरली तरी फिडर (यंत्रात कापूस सोडणारा भाग) चालू करण्याआधी शोधायची.