फिक्स्ड गिअर सायकल : या चुका टाळा

चांदणी चौकातून कोथरूडच्या बाजूला उतरायला लागलं की फिक्सी, म्हणजे फिक्स्ड गिअर सायकल, काय चीज आहे ते नव्या माणसाला पहिल्या शंभर मीटरमध्ये कळतं. साध्या सायकलवर उतार आला की आपले पाय थांबतात, फ्रीव्हील करकरत राहतं आणि आपण निवांत वारा खात खाली येतो. फिक्सीला फ्रीव्हीलच नसतं. मागचं दातेरी चक्र, ज्याला सगळे कॉग म्हणतात, हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्यावर, कायमचं आवळलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडलवर पाय आहेत तोवर तेही फिरणार.

मी गेली काही वर्षं पुण्यात रोजच्या कामाला हीच सायकल वापरतो. मित्रांच्या बिघडलेल्या फिक्सी बघता बघता एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. साध्या सायकलच्या चेनवर, कॉगवर, ॲक्सलवर जोर एकाच दिशेने येतो, पुढे जाण्याच्या. फिक्सीवर वेग कमी करताना आपण पाय मागे रेटतो, म्हणजे तोच जोर उलटा फिरून सगळ्या नट-बोल्टांवर येतो. हा उलटा रेटा लक्षात न घेता सायकल बांधली किंवा चालवली, की पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका आपोआप घडतात.

पुढचा ब्रेक काढून टाकणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून ती आधी सांगतो. फोटोत बिनब्रेकची सायकल सुरेख दिसते, हे खरं आहे. पण ती मुळात व्हेलोड्रोमसाठी, म्हणजे सायकल शर्यतीच्या ट्रॅकसाठी बनलेली. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात व्हेलोड्रोम आहे. अशा ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, आडवा येणारा टेम्पो नसतो, दार उघडणारी रिक्षा नसते. तिथे ब्रेक नसणं हाच सुरक्षिततेचा भाग, कारण पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागचे सगळे त्याच्यावर येतील. रस्त्यावर मात्र अचानक थांबण्याची वेळ रोज येते.

थांबताना शरीराचा भार पुढे सरकतो आणि मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाची पकड कमी, म्हणून पाय कितीही ताकदवान असले तरी नुसत्या मागच्या चाकाने थांबायला पुढच्या ब्रेकच्या साधारण दुप्पट अंतर लागतं. चाक लॉक करून स्किड मारली तर ते आणखी वाढतं. लंडनमध्ये २०१६ साली पुढचा ब्रेक नसलेल्या अशाच सायकलच्या धडकेत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेचा जीव गेला. चालवणाऱ्या तरुणाला पुढच्या वर्षी १८६१ च्या एका जुन्या कायद्याखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये फिक्स्ड सायकलला पुढच्या चाकावर ब्रेक असणं बंधनकारक आहे. आपल्याकडे कोणी तपासत नाही म्हणून तो काढावा, असं मला एकदाही वाटलेलं नाही. चेन पडली तर पायांनी थांबण्याची सोय त्या क्षणी संपते, आणि मग हाताशी एवढा एकच ब्रेक उरतो.

जुन्या सायकलची फिक्सी करताना

घरात पडलेली वडिलांची किंवा काकांची सायकल बाहेर काढून तिची फिक्सी करायची हौस मला मनापासून आवडते. पण इथेच सगळ्यात धोकादायक जुगाड होतात.

पहिला जुगाड म्हणजे फ्रीव्हील वेल्ड करून घेणं. शंभर-दोनशे रुपयांत काम होतं आणि पायडल चाकाबरोबर फिरू लागतं. पण ते वेल्ड केलेलं फ्रीव्हील हबवर नुसत्या आट्यांवर बसलेलं असतं. पुढे पायडल मारताना ते आवळलं जातं, पाय मागे रेटले की सुटायला लागतं. उतारावर नेमकं हवं तेव्हा ते आट्यांवरून फिरून मोकळं होतं आणि पाय हवेत फिरू लागतात.

दुसरा जुगाड थोडा हुशारीचा वाटतो. फ्रीव्हीलच्या साध्या हबवर ट्रॅकचा कॉग बसतो, कारण दोघांचे आटे सारखेच असतात. त्यावर बॉटम ब्रॅकेटची (पायडलचा मधला आस जिथे फिरतो त्या भागाची) लॉकरिंग, म्हणजे आवळून धरणारी कडी, लावतात, काही जण आट्यांवर चिकट द्रव ओततात. खऱ्या ट्रॅक हबला दोन पायऱ्या असतात. आतली मोठी पायरी कॉगसाठी, तिचे आटे सरळ. बाहेरची लहान पायरी लॉकरिंगसाठी, तिचे आटे उलटे. कॉग सुटायला निघाला की तो लॉकरिंगला तिच्या आवळण्याच्याच दिशेने ढकलतो, म्हणून ती धरून ठेवते. साध्या हबवर ही सोयच नाही. पैसे वाचवायचे तर हँडलमध्ये, सीटमध्ये वाचवा. ट्रॅक हबला पर्याय नाही.

हब घेण्याआधी मागच्या चिमट्यातली, म्हणजे चाक धरणाऱ्या फ्रेमच्या दोन दांड्यांमधली, जागा मोजा. ट्रॅक हबला साधारण १२० मिमी लागते. चाकाची खाच आडवी आहे ना, तेही बघा. गिअरच्या बहुतेक नव्या सायकलींना ॲक्सल खालून वर बसतं अशी उभी खाच असते. तिच्यात चाक मागे ओढून चेन ताणता येत नाही. मग दुकानदार स्प्रिंगचा चेन टेन्शनर सुचवतो. सिंगल स्पीडला, म्हणजे एकाच गिअरच्या पण फ्रीव्हील असलेल्या सायकलला, तो चालतो. फिक्सीवर पाय मागे रेटताच खालची बाजू ताणली जाते आणि टेन्शनर मोडतो, वाकतो किंवा स्पोकमध्ये जातो.

जुन्या काळ्या सायकलींचा आणखी एक प्रश्न म्हणजे कॉटर पिनचे क्रँक, पाचरीसारख्या पिनने आसावर ठोकून बसवलेल्या पायडलच्या दांड्या. पुढे-मागे दोन्हीकडून जोर आला की पिन हळूहळू झिजते आणि पायडल वरच्या बाजूला आलं की पायाखाली ‘टक’ असा धक्का जाणवतो. पिन पुन्हा ठोकून काही दिवस भागतं. मी मात्र बॉटम ब्रॅकेटसकट कॉटरलेस क्रँक बसवून घेतो. आणि स्टीलच्या रिमा! पावसात त्यांच्यावर रबर नुसतं घसरतं. शिवाय दांडीच्या ब्रेकच्या रिमांना बाजूला सपाट भिंतच नसते, त्यांचे ब्रेक आतून दाबतात. ॲल्युमिनियमची रिम घेतल्याशिवाय पुढचा ब्रेक असून नसल्यासारखा.

लॉकरिंग नेहमीच्या दिशेने आवळणं

हाताला सवय उजवीकडे फिरवून आवळायची. लॉकरिंगचे आटे उलटे असल्याने ती डावीकडे आवळते. जोर लावून उजवीकडे फिरवत राहिलात तर ती सुटेल, आणि आडवी बसली असेल तर हबचे आटेच खाऊन टाकेल. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की हब गेला.

मी असं करतो. आटे पुसून थोडं ग्रीस लावतो. कॉग चेन-व्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या पान्याने) पूर्ण ताकदीने आवळतो, मग हुक पान्याने लॉकरिंग. त्यानंतर पुढच्या ब्रेकच्या भरवशावर सायकल एखाद्या चढावर नेतो आणि उभं राहून पायडल मारतो, पण पाय मागे रेटत नाही. चढावर कॉग आणखी थोडा आत बसतो, त्यामुळे लॉकरिंग सैल झालेली असते. खाली येऊन ती पुन्हा आवळतो. ही दुसरी वेळ बहुतेक जण विसरतात आणि महिन्याभराने विचारतात की मागून खडखड का येते.

चेन सैल, चेन ताठ

साध्या सायकलवर चेन पडली तर हात काळे होतात. फिक्सीवर ती कॉग आणि चिमट्याच्या मध्ये अडकली तर मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं. म्हणून चेन सैल नको. पण घाबरून ती तारेसारखी ताणणंही चूक आहे. हबचे आणि बॉटम ब्रॅकेटचे छर्रे लवकर जातात, आणि सायकल हाताने ढकलतानाही जड लागते. मधोमध बोटाने वर-खाली केल्यावर साधारण अर्धा इंच हलावी, एवढी ठेवा.

मात्र हे एकाच जागी मोजू नका. चेनव्हील, म्हणजे पुढचं मोठं दातेरी चक्र, शंभर टक्के गोल आणि मध्यात क्वचितच असतं, त्यामुळे क्रँक फिरवला की चेन एका जागी ताठ, दुसरीकडे सैल होते. सगळ्यात ताठ जागा शोधा आणि अर्धा इंच तिथे ठेवा. फरक फारच असेल तर चेनव्हीलचे बोल्ट किंचित सैल करून, ताठ जागी लाकडाने हलकेच ठोकून ते मध्यावर आणता येतं. कामाला अर्धा तास लागतो, पण सायकल त्यानंतर इतकी शांत चालते की मी ते दरवर्षी करतो.

जाडीही जुळवून घ्या. १/८ इंची दात्यांवर ३/३२ ची चेन बसत नाही. चेनच्या लॉकची क्लिप बसवताना तिची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी. झीज मोजायला शाळेतली इंचपट्टी पुरते. चोवीस दुवे बरोबर १२ इंच भरतात. ते १/१६ इंचाने वाढले की चेन बदला, नाहीतर ती कॉगचे दातेही खाते.

ॲक्सलचे नट १५ मिमीच्या लांब पान्याने आवळा. हलक्या हाताने आवळलेलं चाक चढावर पुढे सरकतं आणि डाव्या चिमट्याला घासू लागतं.

गिअर दिसण्यावरून निवडणं

मोठं चेनव्हील रुबाबदार दिसतं, म्हणून लोक ४८-१६ (पुढे ४८ दाते, मागे १६) घेतात. पुण्याच्या चढउतारांवर त्याने गुडघे दुखतात, कारण चढावर आणि थांबताना दोन्ही वेळा तोच जड गिअर ओढायचा असतो. मुंबईत मरीन ड्राइव्हसारख्या सपाट रस्त्यावर ४६-१६ चालून जाईल. त्यात क्रँकच्या एका फेरीला सायकल सुमारे सहा मीटर जाते. ४४-१७ मध्ये ते अंतर ५.४ मीटरवर येतं. ताशी २५ किमीला मिनिटाला ७७ फेऱ्या पडतात, आरामाच्या. पण उतारावर ताशी ४० ला त्याच १२३ होतात. सवय नसलेल्या माणसाचे पाय तिथे हुकतात. म्हणून उताराच्या सुरुवातीलाच पुढच्या ब्रेकने वेग धरून ठेवायचा. वेग चढल्यावर पायांनी तो उतरवायला जाणं हीच गुडघ्यांची खरी वाट लावणारी सवय.

स्किड मारणाऱ्यांसाठी एक हिशेब. दोन्ही आकड्यांचा अपूर्णांक संक्षिप्त करा. खाली जो आकडा उरेल, तितक्या वेगवेगळ्या जागी टायर घासतो. ४८-१६ चा होतो ३/१, म्हणजे दर वेळी टायरची तीच एक जागा घासून कॅनव्हास दिसायला लागतो. ४८-१७ केलंत तर जागा होतात १७. कॉगचा एक दाता बदलला की टायरचं आयुष्य कितीतरी वाढतं.

पाय, कपडे आणि बोटं

पायडलवर पाय धरून ठेवणाऱ्या स्ट्रॅपशिवाय किंवा चपलेवर फिक्सी चालवू नका. पाय निसटला की फिरतं पायडल नडगीवर आपटतं आणि त्या क्षणी तुमचा पायांचा ब्रेकही गेलेला असतो. बुटाची नाडी आत खोचा, पँटचा उजवा पाय दुमडा. ओढणी किंवा सैल सलवार असेल तर ती नीट बांधून घ्या, कारण चेनमध्ये काही अडकलं तर पाय थांबवून सोडवण्याची सोय इथे नाही.

वळताना आतलं पायडल वर धरून ठेवता येत नाही. सायकल जास्त झुकवली तर ते रस्त्याला लागून मागचं चाक उचललं जातं. वेग वळणाआधी कमी करा. १६५ मिमीचे क्रँक घेतलेत तर थोडी मोकळीक मिळते. गतिरोधकावर पाय फिरतच ठेवा, फक्त सीटवरून किंचित उठा.

मित्राला ‘एक चक्कर मारून बघ’ म्हणून ही सायकल देऊ नका. तो चांगला सायकलपटू असला तरी दहाव्या मीटरला सवयीने पाय थांबवेल आणि सायकल त्याला उचलून टाकेल. द्यायचीच तर हब दोन्ही बाजूंचा (एकीकडे कॉग, दुसरीकडे फ्रीव्हील) असेल तेव्हा चाक उलटं करून फ्रीव्हीलची बाजू लावा. मात्र मग मागचा ब्रेकही लागतो.

आणि बोटांबद्दल मी अगदी कळवळून सांगतो. सायकल उलटी करून, चाक जोरात फिरवून, फडक्याने चेन पुसायची सवय अनेकांना असते. साध्या सायकलवर काही अडकलं तर चेन थांबते. इथे चाकाचा सगळा वेग चेनमध्ये असतो. फडकं ओढलं गेलं की बोट दात्यांमध्ये जातं, आणि असं बोट परत जोडता येईलच असं नाही. चेन एका हाताने हळूहळू, चाक दुसऱ्या हाताने धरून पुसा. घरात लहान मुलं असतील तर सायकल फिरेल अशी उभी ठेवू नका.

पावसाळा आणि आवाज

फिक्सीला बदलायचे गिअर नाहीत, त्यांच्या केबली नाहीत, म्हणून देखभालच नाही असं वाटतं. पण पावसाळ्यात सीटच्या दांडीतून पाणी खाली उतरून बॉटम ब्रॅकेटमध्ये साचतं. भिजून आल्यावर सीट काढून फ्रेम पालथी करा आणि गणपतीनंतर एकदा नीट ओव्हरऑइलिंग करून घ्या. गॅरेजमधलं जळकं ऑइल चेनला लावू नका, ते धूळ धरतं आणि दात्यांवर काळी पेस्ट होते. थेंबभर चांगलं चेन ऑइल, आणि वरून पुसून घेतलेलं.

पाय मागे रेटतानाच ‘टक’ येत असेल तर आधी कॉग आणि लॉकरिंग बघा, आणि ती नीट होईपर्यंत सायकल चालवू नका. पुढे आणि मागे दोन्ही वेळा येत असेल तर कॉटर, क्रँकचे बोल्ट, चेनव्हीलचे बोल्ट. प्रत्येक फेरीला एकदाच करकर होत असेल तर पायडलचे आटे ग्रीस लावून पुन्हा बसवा, डाव्याचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवून. चेन सरळ रेषेत नसेल तर सतत घरघर येते. मागून एक डोळा मिटून बघितलं की कॉग आणि चेनव्हील एका ओळीत आहेत की नाही ते लगेच दिसतं.