परीक्षेच्या दिवसांत डोकं ठिकाणावर कसं ठेवावं: सीमाभागातल्या एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.वाल्यांसाठी

सेमिस्टरचं वेळापत्रक लागलं, की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडच्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "टेन्शन घेऊ नको, होतंय की." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, उपयोग मात्र काडीचा नाही. इथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचा अर्धा ताण बसच्या वेळा, घरातली कामं आणि दहावीपर्यंत मराठीत शिकून आता इंग्रजीत लिहायचे पेपर, यांतून येतो. तो आधी मार्गी लावायचा. मन शांत करण्याचे उपाय त्यानंतर.

१. दिवस मोजू नका, तास मोजा

"अजून पंधरा दिवस आहेत" हा हिशेब फसवा असतो. एका कागदावर पेपरच्या तारखा लिहा आणि प्रत्येक दिवसातून झोप, जेवण, प्रवास आणि घरकाम वजा करा. राणी चन्नम्मा विद्यापीठाचं भूतरामहट्टीचं आवार काकतीच्याही पुढे, हायवेला आहे. खानापूर तालुक्यातल्या गावातून निघून, बेळगावात बस बदलून तिथं पोचायचं आणि परत यायचं म्हणजे तीन-चार तास सहज जातात. जून २०२३ मध्ये कर्नाटकात महिलांना मोफत बसप्रवास देणारी शक्ती योजना आली आणि मुलींचा तिकिटाचा खर्च वाचला, पण जागा मिळेलच असं नाही. त्यामुळे "बसमध्ये वाचेन" हे कागदावर लिहूच नका. उभ्यानं वाचन होत नाही, आणि न झाल्याची टोचणी मात्र दिवसभर राहते. फार तर आदल्या रात्री आपल्याच आवाजात मुद्दे फोनवर रेकॉर्ड करा आणि बसमध्ये ऐका. उरलेले तास कमी दिसतील. दिसू देत. त्यात काय बसतं आणि काय सोडायचं, हे आत्ताच ठरलेलं बरं.

२. घरच्यांशी नेमकं बोला

"मला अभ्यास आहे" एवढं म्हटल्यानं काही होत नाही. नेमकं मागा आणि बदल्यात काही द्या: "आई, पेपर संपेपर्यंत संध्याकाळी सात ते नऊ मला हाक मारू नकोस. सकाळची भांडी मी घासते." अशी मागणी घरात सहसा मान्य होते. उन्हाळ्यात लग्नं आणि गावची जत्रा, पावसाळ्यात भाताची लावणी. परीक्षा यातल्या कशाच्या तरी मध्येच येते. जत्रेला पाहुण्यांनी घर भरणार असेल, तर ते दोन दिवस मैत्रिणीकडे किंवा वाचनालयात बसायची सोय आधीच करून ठेवा. हे बोलणं मुलांपेक्षा मुलींना जड जातं. मुलगा पुस्तक घेऊन बसला की घर आपोआप शांत होतं, मुलीला मात्र मधूनच चहा ठेवायला उठवतात. म्हणून हे बोलणं वडिलांच्या आणि भावाच्या समोरच करा.

३. झोप कापू नका, मोटारसायकलवर जाणार असाल तर मुळीच नाही

सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतक्या मंदावतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे गाडी चालवताना मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे रात्रभर जागून सकाळी गाडीला किक मारणारा विद्यार्थी हायवेवर कुठल्या अवस्थेत असतो, ते बघा. शिवाय दिवसा वाचलेलं मेंदूत पक्कं होतं ते झोपेतच. किमान सात तास झोप धरा. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून शेवटचा कप दुपारी चारच्या आत. पावसाळ्यात रात्री वीज गेली, की मेणबत्तीवर झुंजत बसण्यापेक्षा झोपून पहाटे उठलेलं परवडतं.

४. पुस्तक मिटून आठवा

भीती वाढते ती बहुतेक वेळा "वाचलंय पण आठवत नाही" यातून. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला, तर दुसऱ्याला न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं मात्र आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवत होतं. तेव्हा एक प्रकरण वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर येईल ते लिहा. नंतर उघडून गाळलेलं लाल पेनानं भरा. दुसऱ्या दिवशी फक्त लाल भाग बघा.

इंग्रजीची धास्ती असेल, तर यात एक पायरी वाढवा. लिहिण्याआधी तोच मुद्दा धाकट्या भावंडाला मराठीत समजावून सांगा. तिथं अडखळलात, तर अडचण विषयाची आहे. मराठीत घडाघडा आलं आणि कागदावर अडलं, तरच भाषेची. दोन्हींवरचे इलाज वेगळे. भाषेसाठी उत्तराची सुरुवात आणि शेवट करणारी पाच-सहा साधी इंग्रजी वाक्यं घोटून ठेवली तरी हात चालू लागतो.

५. शरीराकडे थोडं बघा

इथं फार पाल्हाळ नको. रोज वीस-तीस मिनिटं चाला: बेळगाव शहरात असाल तर व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर किंवा किल्ला तलावाकडे, गावात असाल तर शेताच्या वाटेनं. पेपरच्या सकाळी रोजचंच खा. भाकरी असेल तर भाकरी, दहीभात असेल तर दहीभात. बेळगावची मिठाई, कुंदा, निकालासाठी राखून ठेवा.

६. पेपरच्या आधीची दहा मिनिटं

केंद्राबाहेर घोळक्यात "हा प्रश्न केलास काय?" सुरू झालं, की बाजूला व्हा. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांचा २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलेला अभ्यास सांगतो, की परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवणाऱ्या घाबऱ्या विद्यार्थ्यांचे पेपर सुधारले. वहीच्या मागच्या पानावर लिहा, मराठीत लिहा, कुणाला दाखवायचं नाही. आत बसल्यावर छाती धडधडत असेल, तर चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा मोजत सोडा, पाच-सहा वेळा.

७. ताण हाताबाहेर जातोय असं वाटलं तर

दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच रस नाही, किंवा जगणं नकोसं वाटतंय, तर पेपर संपायची वाट बघू नका. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठी फोनवरून मदत देणारी सेवा सुरू आहे. नंबर १४४१६, मोफत, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं. समोरासमोर डॉक्टर हवा असेल, तर बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे. धारवाडला तर याच कामाची डिमहान्स ही सरकारी संस्था आहे. रूममेट असं काही बोलली, तर तिला उपदेश करू नका आणि एकटीला सोडू नका. तिला बोलायला जड जात असेल, तर फोन स्पीकरवर टाकून दोघींनी मिळून लावला तरी चालतो.