सेऊलमध्ये ट्रेनिंग आणि भटकंती: या चुका टाळा

शुक्रवारी ट्रेनिंग संपणार, शनिवार-रविवार हिंडायचं, सोमवारी रात्रीचं विमान. मी असाच बेत आखला होता. चांगदॉकगुंग राजवाडा निवांत बघू म्हणून सोमवारवर टाकला आणि जाऊन बघतो तर दार बंद. सेऊलचे बहुतेक राजवाडे सोमवारी बंद असतात. अपवाद सगळ्यात मोठ्या ग्यॉंगबोकगुंगचा, त्याची सुट्टी मंगळवारी. म्हणजे सोमवार हाती असेल तर ग्यॉंगबोकगुंग, मंगळवार असेल तर चांगदॉकगुंग, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धा दिवस वाचतो. चांगदॉकगुंगच्या मागच्या बागेचं तिकीट वेगळं असतं आणि जागा मोजक्या असतात, त्यामुळे ते आधीच ऑनलाइन काढा. उत्तर कोरियाच्या सीमेजवळची डीएमझेडची (निर्लष्करी पट्ट्याची) सहलही सोमवारी नसते, आणि तिला पासपोर्ट जवळ लागतो.

पण खरी चूक सोमवारची नव्हती. सगळी भटकंती शेवटच्या दिवसांवर ढकलली, ही होती. वर्ग साडेपाचला सुटतो, मग आपण खोलीवर जाऊन मोबाइल बघत पडतो आणि म्हणतो, आता काय उघडं असणार? भरपूर असतं. दॉक्सुगुंग राजवाडा रात्री नऊपर्यंत उघडा असतो, फक्त आठच्या आत शिरायला हवं. राष्ट्रीय संग्रहालय बुधवारी आणि शनिवारी रात्री नऊपर्यंत असतं. वरचा उड्डाणपूल पाडून २००५ मध्ये पुन्हा मोकळा केलेला चॉंगग्येचॉन ओढा तर कधीही गाठा. त्याच्या काठाने चालताना दिवसभराच्या स्लाइड डोक्यातून आपोआप निघून जातात. ट्रेनिंग कोएक्स या प्रदर्शन केंद्रात असेल तर समोरच, रस्ता ओलांडला की बोंगउन्सा हे बौद्ध मंदिर आहे, इसवी सन ७९४ मध्ये स्थापन झालेलं. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा होतं!

पहिली संध्याकाळ मात्र मोकळी ठेवा. तिकडे सहकाऱ्यांनी एकत्र जेवायला जाण्याला ‘ह्वेशिक’ म्हणतात, आणि पहिल्याच दिवशी ‘मला फिरायचंय’ म्हणून सटकणं बरं दिसत नाही. शिवाय वर्गात न विचारलेले प्रश्न तिथे सहज विचारता येतात. शाकाहारी असाल तर टेबलावर बसल्यावर सांगू नका, आयोजकांना आधीच्या आठवड्यात कळवा. भाजीच्या दिसणाऱ्या रश्शातही सुक्या मासळीचं पाणी असू शकतं आणि किमचीत बहुधा मासळीचा सॉस असतो. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर मासे त्यात धरले जातीलच असं नाही.

हॉटेल कुठे घ्यायचं? जुनं शहर आणि राजवाडे हान नदीच्या उत्तरेला, तर अनेक कंपन्यांची ऑफिसं गंगनाममध्ये, आणि या शब्दाचा अर्थच ‘नदीच्या दक्षिणेला’. फिरायला सोयीचं म्हणून उत्तरेला राहिलात आणि वर्ग दक्षिणेला असला, तर रोज सकाळी खच्चून भरलेल्या मेट्रोत उभं राहावं लागेल. त्यात सेऊलचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथला नऊचा वर्ग म्हणजे शरीराच्या हिशेबाने पहाटेचे साडेपाच. माझ्या मते ट्रेनिंगचे दिवस वर्गाजवळ राहावं आणि शुक्रवारी सामान उत्तरेला हलवावं. बॅग भरायचा कंटाळा येतो खरा, पण परवडतो.

गुगल मॅप्सच्या भरवशावर मात्र निघू नका. नकाशाची माहिती देशाबाहेर नेण्यावर असलेल्या निर्बंधांमुळे तिथे अनेक वर्षं त्यावर पायी चालायचा रस्ता नीट मिळत नसे. नेव्हर मॅप किंवा काकाओमॅप आधीच मोबाइलवर घ्या. बस-मेट्रोसाठी लागणाऱ्या टी-मनी कार्डात पैसे भरायला थोडे रोख वॉन जवळ ठेवा. बसमधून उतरतानाही कार्ड टेकवायचं, नाहीतर पुढच्या मेट्रोत बदलीची सवलत मिळत नाही.

कागदपत्रांत एक गोष्ट हमखास राहते. ट्रेनिंगचा विमा आणि निमंत्रणपत्र बहुधा ट्रेनिंगच्या तारखांपुरतंच असतं. पुढचे दोन-तीन दिवस व्हिसात बसतात का, ते तिकीट काढायच्या आधी बघा आणि त्या दिवसांचा विमा स्वतः काढा. परतीच्या दिवशी सकाळीच बॅग सेऊल स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका. तिथून इंचॉन विमानतळाची एक्सप्रेस गाडी पहिल्या टर्मिनलला ४३ मिनिटांत पोचवते, त्यामुळे दुपारपर्यंत हिंडायला हरकत नाही. सोमवार असेल तर ग्यॉंगबोकगुंगलाच जा.