युरोपीय देशांच्या जेवणाची तुलना कशी करावी

युरोपातील कोणत्या देशाचे जेवण सरस, हा वाद इंदूरमध्ये चीजने माखलेला पिझ्झा खाऊन सुटणार नाही. त्यासाठी मोजक्या जिन्नसांचा एकेक पदार्थ घरी रांधून पाहावा. त्या दिवशी संध्याकाळी लवंग शेव आणि सराफा हा रात्रीचा खाऊबाजार दोन्ही टाळावे, कारण तिखटाने चटावलेल्या जिभेला लोण्याचा बारकावा कळत नाही.

प्रथम स्निग्धांश पाहावा. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात लोणी, तर दक्षिण इटली, स्पेन आणि ग्रीस येथे ऑलिव्ह तेल, यावरच निम्मी चव ठरते. इटलीसाठी लसणाचे पातळ काप ऑलिव्ह तेलात मंद आचेवर फिकट सोनेरी होईपर्यंत परतावेत, सुकी लाल मिरची चुरडून टाकावी, उकडलेली स्पॅगेटी घालून तिचेच पळीभर पाणी ओतावे आणि कढई हलवत राहावे, म्हणजे ते पिठूळ पाणी व तेल मिळून येऊन स्पॅगेटीला चकाकी येते. आपल्या फोडणीसारखा लसूण लालभडक केला, तर सारे कडवट होते.

फ्रान्ससाठी बेशामेल हा पांढरा सॉस करावा. लोण्यात मैदा रंग न बदलू देता परतून, दूध थोडे थोडे घालत घोटावे. गुठळी राहिली, तर दोष फ्रान्सचा नव्हे, आपल्या हाताचा.

माझ्या मते रोजच्या ताटासाठी इटली आणि कारागिरीसाठी फ्रान्स वरचढ आहे. जर्मनीला मात्र सॉसवरून जोखू नये. तेथे राय या धान्याचा आंबवलेला पाव चाखावा.