मूळ कागद नसताना गुप्त करार कसा तपासावा

गुप्त कराराचा वाद अर्थावरून सुरू होतो आणि बघता बघता ‘असा कागदच नव्हता’ इथवर जातो. म्हणून आधी कागद तपासा, अर्थ मग लावा. २३ ऑगस्ट १९३९ च्या जर्मन-सोव्हिएत अनाक्रमण कराराची गुप्त पुरवणी, म्हणजे पूर्व युरोप दोघांनी आपसात वाटून घेतल्याचा कागद, सरावाला उत्तम.

पहिल्यांदा तारखा लावून घ्या. ऑगस्टच्या पुरवणीत लिथुआनिया जर्मनीच्या वाट्याला आहे आणि पोलंडच्या वाटणीची रेघ नारेव, व्हिस्टुला, सान या नद्यांवरून जाते. २८ सप्टेंबरला हे बदललं: लिथुआनिया सोव्हिएतांकडे, बदल्यात लुब्लिन आणि वॉर्सा प्रांताचा काही भाग जर्मनीकडे. नुसत्या ऑगस्टच्या मजकुरावर नकाशा काढला तर तो हमखास चुकतो.

मग प्रत. जर्मन प्रतींची मायक्रोफिल्म युद्धातून वाचली. त्यावरून अमेरिकेनं १९४८ मध्ये मजकूर छापला. मॉस्को मात्र १९८९ पर्यंत नाकारत राहिलं. त्या डिसेंबरात सोव्हिएत लोकप्रतिनिधी काँग्रेसनं पुरवणी मान्य करून तिचा निषेध केला, तेव्हाही मूळ कागद हाती नव्हता. आधार होते हस्ताक्षर, छायाचित्रण आणि शब्दरचना यांच्या तपासण्या, सोबतचे नकाशे, आणि पुढे घडलेल्या घटनांशी मजकुराचा मेळ. हाच क्रम तुम्हीही धरा. एकाच पुराव्यावर भिस्त ठेवली की समोरचा तेवढाच खोडून काढतो. मूळ प्रती १९९२ मध्ये मॉस्कोच्याच दप्तरातून निघाल्या.

आता अर्थ. मजकुरात ‘आक्रमण’ कुठेच नाही. ‘प्रादेशिक व राजकीय फेररचना झाल्यास’ एवढंच आहे. बचाव करणारे नेमकं हेच वाक्य पुढे करतात. अशा वेळी कलम आणि घटना शेजारी शेजारी मांडा: १७ सप्टेंबर १९३९ ला लाल सेना पोलंडमध्ये, ३० नोव्हेंबरला फिनलंडवर हल्ला, जून १९४० मध्ये बाल्टिक देश आणि रुमानियाचा बेसारेबिया सोव्हिएतांच्या ताब्यात. २८ सप्टेंबरच्या नकाशावर तर खुद्द स्टालिनची सही आहे.

मेळ बसत नाही ती जागाही झाकू नका, तिथेच खरी माहिती मिळते. रुमानियाचाच उत्तर बुकोविना हा प्रदेश पुरवणीत नाही, तरी १९४० मध्ये सोव्हिएतांनी तो घेतला आणि बर्लिननं हरकत घेतली. म्हणजे कागदाबाहेर काय आहे, हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक होतं.