शेरिफचं ऑफिस: कुठलं काम, कुठली खिडकी

कॅलिफोर्नियातल्या कूपर्टिनोत घरफोडी झाली तर दारात येणारी गाडी शहराच्या पोलिसांची नसते, सँटा क्लारा काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शेरिफची असते. कूपर्टिनोला स्वतःचं पोलिस खातं नाही. शहर काउंटीला पैसे देऊन बंदोबस्त करून घेतं. सॅराटोगा आणि लॉस आल्टोस हिल्सचंही तसंच. शेजारच्या सनीव्हेलमध्ये मात्र पोलिस आणि अग्निशमन मिळून शहराचं एकच खातं, आणि सॅन होजेचे पोलिस आणखी वेगळे. ही कंत्राटी पद्धत १९५४ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीतल्या लेकवुड शहराने रूढ केली. देशी खरेदीसाठी जिथे गर्दी होते ते आर्टेशियाही लॉस एंजेलिस काउंटीच्याच शेरिफच्या हद्दीत येतं.

मुंबईचा शेरिफ, म्हणजे आपला नगरपाल, हे वर्षभराचं मानाचं पद आहे. इथला शेरिफ लोकांनी निवडून दिलेला असतो आणि कॅलिफोर्नियात त्याच्या हाताखाली गस्त, काउंटीचा तुरुंग आणि कोर्टाच्या बेलिफाचं काम अशी तिन्ही खाती असतात. लोकांना पहिली दोन माहीत असतात. अडतं ते तिसऱ्यापाशी. शेरिफ कुणाची बाजू ऐकून निकाल देत नाही. कोर्टाचा कागद आणि तुमची लेखी सूचना यांत जे लिहिलंय तेवढंच करतो. कागद अपुरा असेल तर काम होत नाही, आणि भरलेली फी सहसा परत येत नाही. खाली जे नियम दिलेत ते कॅलिफोर्नियाचे आहेत. दुसऱ्या राज्यात मुदती बदलतात.

आधी हद्द पाहून घ्या. पत्त्यातलं शहराचं नाव टपालखात्याच्या सोयीचं असतं, त्यावरून हद्द कळत नाही. ‘सॅन होजे’ असा पत्ता असलेली काही घरं कुठल्याच शहरात नाहीत, थेट काउंटीत आहेत. काउंटीच्या नकाशावर पत्ता टाकून खात्री करा. अशा बिनशहरी भागात चोरीची तक्रार शेरिफ घेतो, पण रस्त्यावरच्या अपघाताची नोंद राज्याचे हायवे पेट्रोलवाले करतात; विम्यासाठी रिपोर्ट मागताना नेमकी इथेच गल्लत होते. जीवावरचा प्रसंग असेल तर हद्द बघत बसू नका, ९११ लावा. एरवीसाठी साधा नंबर फोनमध्ये ठेवा.

आता बेलिफाचं काम. घरमालकाने डिपॉझिट परत केलं नाही, हे नेहमीचं उदाहरण घेऊ. घर सोडल्यापासून २१ दिवसांत त्याने पैसे किंवा कपातीचा हिशेब द्यायला हवा. तो दिला नाही तर स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, एससी-१०० फॉर्म भरून दावा लावता येतो. व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत. दाव्याचे कागद प्रतिवादीला तुम्ही स्वतः देऊ शकत नाही. १८ वर्षांवरचा, दाव्याशी संबंध नसलेला कुणीही देऊ शकतो, किंवा फी भरून शेरिफकडून बजावणी करून घेता येते. प्रतिवादी त्याच काउंटीत असेल तर हातोहात बजावणी सुनावणीच्या किमान १५ दिवस आधी व्हावी लागते, बाहेरच्या काउंटीत असेल तर २० दिवस. म्हणून कागद शेरिफकडे चार-पाच आठवडे आधी पोचते करा. शेवटच्या आठवड्यात धावाधाव केली की तारीख हुकते, मग एससी-१५० भरून नवी तारीख मागावी लागते.

शेरिफला द्यायचा फॉर्म एसईआर-००१. बजावणी फसते ती बहुतेक वेळा हा घाईने भरल्यामुळे. कोर्टाच्या कागदावर प्रतिवादीचं जे नाव आहे तेच इथे, अक्षर न अक्षर. नुसता पत्ता पुरत नाही: गेटचा कोड, इमारतीत शिरायची वाट, अपार्टमेंटचा नंबर, कुत्रा आहे का, माणूस किती वाजता घरी सापडतो, नोकरीच्या ठिकाणचा पत्ता, अंदाजे वय, उंची, गाडीचा रंग, हे सगळं लिहा. डेप्युटी, म्हणजे शेरिफचा अंमलदार, दिवसा ड्यूटीच्या वेळेत जातो. माणूस सकाळी सातला बाहेर पडून रात्री आठला येत असेल तर घराचा पत्ता देऊन काही उपयोग नाही. शस्त्र किंवा मारहाणीचा इतिहास माहीत असेल तर तेही लपवू नका. कमी उत्पन्नामुळे कोर्टाने फी माफ केली असेल तर त्या आदेशाची प्रत जोडा. घरगुती हिंसाचाराच्या मनाई हुकमाची बजावणी शेरिफ मुळातच फुकट करतो. पैशाची चिंता म्हणून हे पाऊल कुणी अडवून धरू नये.

दावा जिंकलात म्हणून पैसे आपोआप येत नाहीत. स्मॉल क्लेम्सच्या निकालानंतर ३० दिवस वसुली थांबलेली असते, कारण तेवढी अपिलाची मुदत. मग कोर्टातून ईजे-१३० हे जप्तीचं वॉरंट काढायचं. ते १८० दिवस चालतं. ज्या काउंटीत बँक किंवा नोकरीची जागा आहे तिथल्या शेरिफला मूळ वॉरंट, सूचना आणि फी द्यायची. बँक खात्यावर जप्ती आणली तर त्या दिवशी खात्यात जे असेल त्यालाच हात लागतो, आणि त्यातलीही काही रक्कम कायद्याने सुरक्षित असते. पगारावरची जप्ती हळू चालते, पण पैसे फिटेपर्यंत चालू राहते. समोरच्याची नोकरी टिकाऊ असेल तर पगाराचीच वाट धरलेली बरी.

घरमालक असाल तर एक ताकीद. भाडेकरू निघत नाही म्हणून स्वतः कुलूप बदलणं किंवा पाणी तोडणं बेकायदा आहे. त्यासाठी नुकसानभरपाईशिवाय दिवसाला १०० डॉलरपर्यंत भुर्दंड बसू शकतो. ताबा द्यायचा अधिकार फक्त शेरिफला. तो आधी दारावर पाच दिवसांची नोटीस लावतो, मग ठरलेल्या वेळी येतो. कुलूपवाला तुम्ही आणायचा. उशीर केलात तर डेप्युटी थांबत नाही, नवी तारीख घ्यावी लागते.

कुणाला अटक झाल्याचा फोन आला तर आधी माणूस शोधा. सँटा क्लारात सॅन होजेचं मेन जेल आणि मिल्पिटासचं एल्मवुड, अशा दोन जागा. काउंटीच्या शोधपानावर नाव दिसायला नोंदणी पूर्ण व्हावी लागते, त्याला काही तास जातात. आपल्या नावांचा इथे घोळ होतो: पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं नाव असतं आणि नोंदणीत ते कुठेही जाऊन बसतं. नुसतं आडनाव टाकून बघा, ‘व’साठी व्ही आणि डब्ल्यू दोन्ही करून बघा, जन्मतारीख हाताशी ठेवा. बुकिंग नंबर, म्हणजे या नोंदणीचा क्रमांक, मिळाला की तो लिहून घ्या. पुढे सगळं त्यावरच चालतं. अटकेनंतर तीन तासांच्या आत तीन फोन करू देणं बंधनकारक आहे. तुरुंगातले फोन रेकॉर्ड होतात, म्हणून घरच्यांनी काय घडलं ते विचारूच नये. फक्त वकील कोण आणि कागदपत्रं कुठे आहेत तेवढं बोलावं. न्यायाधीशासमोर ४८ तासांत उभं करायचं असतं, पण त्यात रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत. जामिनाची पूर्ण रक्कम भरली तर सगळ्या तारखांना हजर राहिल्यावर ती परत मिळते. जामीन एजंटाला दिलेले साधारण दहा टक्के परत मिळत नाहीत.

भारतीय नागरिकाने आणखी एक गोष्ट स्वतः मागायची. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या अनुच्छेदाप्रमाणे वकिलातीला कळवा असं सांगायचा हक्क आहे, पण भारतीयांच्या बाबतीत कैद्याने मागितलं तरच कळवतात. वकिलात जामीन भरत नाही. घरच्यांशी संपर्क आणि वकिलांची यादी मात्र मिळू शकते. व्हिसावर असाल तर गुन्हा कबूल करण्याआधी त्याचा व्हिसावर काय परिणाम होईल ते वकिलाला विचारा. ते नीट सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवलंय.

आणि ‘शेरिफ ऑफिसमधून बोलतोय, तुम्ही ज्युरी ड्यूटी चुकवलीत, वॉरंट निघालंय, गिफ्ट कार्डाने दंड भरा’ असा फोन आला तर तो भामट्याचा. नंबर खरा दिसला, बॅज क्रमांक सांगितला, तरीही. शेरिफ फोनवर दंड वसूल करत नाही. फोन ठेवा, काउंटीच्या संकेतस्थळावरून नंबर स्वतः शोधा आणि तिथे लावून विचारा.