‘अंगावरून वारे गेले’ तर या चुका टाळा

‘अंगावरून वारे गेले’ या शब्दप्रयोगाने आपले बरेच नुकसान केले आहे. वारे म्हटले की घरच्यांचा हात आपसूक तेलाच्या बाटलीकडे जातो. पक्षाघातात बिघाड हातापायांत नसतो, तर मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद पडलेली किंवा फुटलेली असते. मेंदूतून निघणारे हालचालींचे बहुतेक तंतू लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या तळाच्या भागात, बाजू बदलतात, म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली की उजवा हात लुळा पडतो आणि वाचेची केंद्रे बहुतेकांच्या डाव्या बाजूलाच असल्यामुळे अनेकदा बोलणेही अडखळते. मालिश तिथे पोहोचणार कशी?

सर्वांत महागात पडते ते ‘सकाळी बघू’. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि हे तास रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. रात्री १० वाजता नीट झोपलेले आजोबा पहाटे ५ वाजता वाकड्या तोंडाने उठले, तर घड्याळ १० पासून धरले जाते. तरीही निघावेच, कारण तपासणीनुसार काही रुग्णांची गुठळी २४ तासांपर्यंत रक्तवाहिनीतून सरकवलेल्या नळीने काढता येते. १०८ ला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. दहा मिनिटांत सगळे पूर्ववत झाले, तरी जावे. तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

वाटेत पाणी किंवा चहा पाजू नये, कारण गिळण्याचे स्नायू दुबळे झाले असतील तर घोट श्वासनलिकेत उतरतो. ॲस्पिरिनही देऊ नये, कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून घरातली जास्तीची गोळी देणे तितकेच धोक्याचे आहे. दाब एकदम उतरला की मेंदूच्या रक्ताविना उपाशी पडलेल्या भागाचे उरलेसुरले रक्तही तुटते.

तोंड वाकडे होण्याचे दुसरे कारण म्हणजे बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या सातव्या मज्जातंतूचा बिघाड. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळत असल्यामुळे पक्षाघातात कपाळाला सहसा आठ्या घालता येतात, बेल्स पाल्सीत त्या बाजूला येत नाहीत. हा फरक डॉक्टरांसाठी आहे. त्यावर विसंबून घरी थांबू नये. बेल्स पाल्सीतही स्टेरॉइडचा उपचार ७२ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो आणि मिटत नसलेला डोळा कोरडा पडू नये म्हणून औषधाचे थेंब घालून रात्री तो पट्टीने बंद ठेवावा लागतो.